हात पाठीशी पाहिजे, डोक्यावर नको

चळवळीला मेलेला माणूस दिसतो. कोंडलेला दिसत नाही. मी चळवळीचाच पोरगा आहे, तेव्हा हे घरातलं भांडण समजा. पण भांडण आहे.

सोनई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर १ जानेवारी २०१३ उभा राहतो. सफाईकाम करणारे तीन दलित तरुण, प्रेमाचा सूड, संडासाची टाकी. २०१८ साली नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. मोर्चे निघाले, निघायलाच पाहिजे होते. मी त्याच सोनईचा. नेवासा तालुका, मुळा साखर कारखान्याचं गाव. शिक्षण मॅट्रिक, पोटासाठी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो, आणि जागा राहिलो तर कविता लिहितो. आज मला आमच्या वस्त्यांतल्या दुसऱ्या एका मरणाबद्दल बोलायचंय. ते एका दिवसात येत नाही. त्याचा पंचनामा होत नाही. पत्र्याच्या खोलीत, गोधडीवर, तीस-तीस वर्षं ते चालतं. रक्त सांडत नाही म्हणून मोर्चाही निघत नाही.

मी अपंगांबद्दल बोलतोय. त्यातही ज्याचं एका काठीनं किंवा तीनचाकीनं भागत नाही त्याच्याबद्दल. पाय चालत नाहीत, वाचा अडखळते, वर फिट येते. किंवा दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. किंवा बुद्धीची वाढ कमी आणि अंगही लुळं. आणि त्यातही मोठ्या, वयात आलेल्या माणसांबद्दल. लेकरू असतं तोवर शाळा येते, डॉक्टर येतो, फोटो काढणारे येतात. अठरा ओलांडले की सगळे गायब. लेकरू गोड दिसतं. दाढी फुटलेला माणूस गोड दिसत नाही, एवढंच.

म्हणाल, हा आपला प्रश्न कसा? २०११ ची जनगणना काढा. देशात २ कोटी ६८ लाख अपंग, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हाच आकडा २.४५ टक्के. हा फरक आभाळातून पडला नाही. बाळंतिणीच्या अंगात रक्त नाही, दवाखाना लांब, वाट्याला येणारं काम हातपाय तोडणारं, आणि तुटल्यावर उपचाराला पैसा नाही. जात माणसाला नुसती गावाबाहेर ठेवत नाही, ती त्याच्या हाडापर्यंत जाते. महाराष्ट्रात त्या साली २९ लाखांवर अपंग मोजले गेले. त्यातले वस्तीतले किती तुमच्या सभेला आलेत? एखादा आठवतो का?

माझा थोरला चुलत भाऊ त्यातलाच. वय एकतीस. 'दादा, तुझं नाव छापू का?' म्हणून विचारलं, तर त्यानं मान हलवून नको सांगितलं. म्हणून नाव नाही. दवाखान्याच्या कागदावर सेरेब्रल पाल्सी, गावाच्या तोंडी 'वारं गेलेलं पोर'. चालता येत नाही, हात वळलेले, शब्द घशात अडकतो. डोकं मात्र लख्ख. आणि ज्यांचं डोकं लख्ख नाही त्यांचाही हक्क तेवढाच, हे आताच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कुणीतरी हुशार अपंगाला हक्क देईल आणि बाकीच्यांना नुसती खिचडी.

या एकतीस वर्षांच्या बाप्याला सगळं गाव 'बाळ' म्हणतं. आता जरा आठवा. आपल्या आज्या-पणज्यांना सत्तरीतही पाटलाचं शेंबडं पोरगं कशी हाक मारायचं? धोंड्या, भाग्या, किसन्या. माणूस म्हातारा झाला तरी नाव मोठं होऊ द्यायचं नाही. नाव मोठं झालं तर उद्या मजुरी मागेल, परवा जमीन मागेल. 'बाळ' हे त्याचंच गोड रूप. बाळ म्हटलं की त्याला मत नाही, पैसा नाही, बाई नाही, गुपित नाही. अंघोळ कधी, केस किती कापायचे, ताटात काय, कुणाच्या लग्नाला न्यायचं आणि कुणाच्या नाही, सगळं दुसऱ्यानं ठरवायचं. वर प्रेम करतोय म्हणायचं. मालकसुद्धा सालगड्यावर प्रेमच करायचा की.

चुलतीवर माझा राग नाही. तिनं तीस वर्षं त्याला उचलून आपल्या कमरेचा चुरा करून घेतलाय. राग आहे तो सगळं एका बाईच्या कमरेवर टाकून मोकळ्या झालेल्या व्यवस्थेवर. आमच्या भागात ऊसतोडीला पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. घरात असा एक माणूस असला की कोयता अर्धा होतो. मग त्याला म्हातारीपाशी टाकून पाच-सहा महिने जायचं, नाहीतर पालात आणून दिवसभर एकट्याला ठेवायचं. तिथं 'स्वावलंबन' हा शब्द उच्चारून बघा कुणी. ऊस तोडणाऱ्या बाईला दुसरा हात कोण देणार, हा पहिला सवाल आहे.

हे सगळं सहन करायला लोकांना शिकवलं कुणी? आमच्या सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर. जगात नाव कशासाठी, तर घरांना दारं नाहीत. दारं नसलेल्या गावाच्या रस्त्याला दर शनिवारी लुळे-पांगळे वाटी मांडून बसतात, आणि भक्त आपली साडेसाती उतरवायला त्यात नाणं टाकतो. म्हणजे आपल्या माणसाचं अंग हे त्यांच्या पुण्याचं दुकान. 'मागल्या जन्माचं पाप' हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? आपल्याच बाबतीत ऐकलंय. अस्पृश्याचा जन्म पापानं आणि पांगळ्याचा जन्मही पापानं. एकाच कारखान्याचा माल आहे हा.

आणि त्याचा लेखी पुरावा आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जी मनुस्मृती जाळली, तिच्या नवव्या अध्यायात जन्माचा आंधळा, बहिरा, मुका, वेडा, इंद्रियानं हीन यांना बापाच्या इस्टेटीत वाटा नाही. पोटाला घालावं, अंगाला कापड द्यावं, बस्स. वाटा नाही, भीक आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच बिलाचे पुढे तुकडे होऊन आलेल्या १९५६ च्या वारसा कायद्यात २८ वं कलम आहे. रोग किंवा व्यंग म्हणून कुणाचा वारसा जाणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे महाडची आग ही अपंगांचीही आग होती. आपण ती त्यांना सांगितली नाही.

शब्दाचंही बघा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' हा शब्द काढला. आज महाराष्ट्रात त्या नावाचं स्वतंत्र खातं आहे, २०२२ पासून. खातं झालं ते चांगलंच. पण अंगात दिव्य काय आहे हो? मूत हातानं धरता येत नाही यात दिव्य काय आहे? आपल्याला 'हरिजन' म्हणून देवाची लेकरं केलं होतं, तेव्हा १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेब आणि त्यांचे साथी त्या शब्दाविरुद्ध सभात्याग करून बाहेर पडले. हक्क द्यायचा नसला की देवाचं नाव देतात. मी अपंगच लिहिणार. ज्याला जो शब्द हवा तो त्यानं स्वतः घ्यावा, वरून टाकू नये.

आता मुद्द्यावर येतो. स्वातंत्र्य म्हणजे काय? पांढरपेशा म्हणतो, स्वतःच्या पायावर उभं राहणं. या व्याख्येत माझा भाऊ मेल्याशिवाय बसत नाही, कारण त्याचे पाय कधीच उभे राहणार नाहीत. मग त्याला स्वातंत्र्यच नाही का?

मी गोदीत रोज बघतो. परदेशातून मोठं जहाज येतं, हजारो टन माल पोटात. ते बंदरात एकटं शिरत नाही. बंदराचा पायलट शिडीनं वर चढतो, वाट सांगतो. दोन-तीन टग पुढून ओढतात, मागून रेटतात. धक्क्यावरची माणसं दोर बांधतात. इतक्यांच्या हातावर ते जहाज धक्क्याला लागतं. म्हणून कॅप्टनची कॅप्टनकी जाते का? त्याला कुणी 'बाळ' म्हणतं का? जहाज त्याचंच राहतं. मदत घेणं वेगळं आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाणं वेगळं. अपंगाला टग पाहिजे, पायलट पाहिजे, दोर बांधणारे पाहिजेत. कॅप्टन तोच.

आणि बाबासाहेबांचं शेवटचं वर्ष आठवा. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, नजर मंद, चालायला काठी आणि कुणाचातरी खांदा. नानकचंद रत्तू टंकलेखन करायचे, माईसाहेब औषधपाणी बघायच्या. त्याच शरीरानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना दीक्षा दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याच आजारपणात पुरा झाला, छापून आला तेव्हा ते नव्हते. कुणाची छाती आहे त्यांना परावलंबी म्हणायची? खांदा दुसऱ्याचा होता, निर्णय त्यांचा होता. मी मागतोय ते एवढंच.

हे मागणारा मी पहिला नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच १९७२ साली त्या ब्लॅक पँथरच्या ओकलंडला खेटून असलेल्या बर्कलीत अपंगांनी आपलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. त्यांच्यात पुढं होता एड रॉबर्ट्स. पोलिओनं मानेखाली जवळजवळ सगळं गेलेलं, श्वासालाही यंत्र. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचे कपडे कुणी चढवले हे विचारू नका, कुठले चढवायचे हे कोण ठरवतं ते विचारा.

पुढं ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत दीडेकशे अपंगांनी सरकारी इमारतीत ठिय्या मारला. मागणी, अपंगांना डावलण्याविरुद्धचे नियम लागू करा. जवळजवळ महिनाभर ते आत राहिले. त्यांना गरम जेवण रोज कुणी पोचवलं? ब्लॅक पँथरनं. कारण आत त्यांचा एक साथी होता, ब्रॅड लोमॅक्स, चाकाच्या खुर्चीवरचा पँथर. आणि त्याला उचलणारा, बसवणारा चक जॅक्सन, तोही पँथर. महिना संपायच्या आत सरकारनं सही केली. ज्यांचं नाव आपण घेतलं त्यांनी हे केलं. आपण काय केलं? नाव घेतलं.

आणि १९७३ च्या आपल्या जाहीरनाम्यात दलित कोण? फक्त जातीनं नव्हे. भूमिहीन, कामगार, स्त्रिया, आणि धर्माच्या नावानं नाडलेले सगळे. पूर्वजन्माच्या पापाच्या नावानं ज्याला कोंडलं, तो धर्माच्या नावानं नाडलेला नाही तर कोण आहे? जाहीरनाम्यात त्याची जागा पन्नास वर्षं रिकामी पडलीय.

आणखी एक १९७२ आहे. त्याच साली मुंबईत मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली. त्यांची लेक मालिनी छिब, सेरेब्रल पाल्सी असलेली, बोलणं सहज कळत नाही. लंडनला शिकली, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली, एका बोटानं टाइप करून २०१० साली पुस्तक काढलं. मला तिच्याबद्दल आदर आहे. तिनं सिद्ध केलं की असं शरीर माणसाला अडवत नाही, आधार नसणं अडवतं. पण जो आधार तिला मिळाला तो सोनईच्या वस्तीत कधी येणार? का तिथंही चातुर्वर्ण्यच? वरच्याला मदतनीस, खालच्याला गोधडी?

काही जण म्हणतील, संस्थेत टाका, सोय होते. संस्थेचा इतिहास ऐका. फेब्रुवारी १९९४, शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली. कारण सांगितलं पाळीची स्वच्छता. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा थांबलं. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या बालगृहातले अत्याचार बाहेर आले. जिथं माणसाचं 'नको' ऐकायची पद्धत नाही, तिथं भिंती कितीही रंगवा, ते कोंडवाडेच.

मग घरात, वस्तीत हे कसं होतं? होतं. माझ्या भावाच्या घरात दोन वर्षांपूर्वी भाचीनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं काढली. दहावीची पोर, कुठलं प्रशिक्षण नाही. तो बोटाच्या पेरानं अक्षर दाखवतो, ती जोडते. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी त्यानं काय लिहावं? 'चहात साखर कमी.' एकोणतीस वर्षं तो गोड चहा पीत होता. कुणी विचारलंच नव्हतं. नंतर केस घरी कापायचे नाहीत, दुकानात जायचं. मग पेन्शनचा पैसा आपल्यासमोर मोजायचा. एका बँकेत सही येत नाही म्हणून खात्याला नाही म्हणाले, तर परत परत गेला, चौथ्या खेपेला खातं काढूनच आला. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्क्यांवरच्या अपंगाला घरून मत द्यायची सोय होती. त्यानं पुठ्ठ्यावर दाखवलं: केंद्रावर जाणार. आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. मत कुणाला दिलं ते त्यानं मला सांगितलं नाही. मला लई बरं वाटलं. एक माणूस, एक मत, एक मूल्य.

हे सगळं एका पुठ्ठ्यानं आणि थांबायच्या तयारीनं झालं. ज्याला अक्षर येत नाही त्याला दोन वस्तू समोर धरा, तो नजरेनं निवडेल. तेही नाही तर तोंड कधी फिरवतो, कधी हसतो, ते लिहून ठेवा. ती त्याची भाषा आहे. आणि त्याला चुकू द्या. पैसा चुकीचा खर्च करील, उन्हात जाऊन आजारी पडेल. आपण पडतो ना आजारी? ज्याला चुकायचा हक्क नाही तो गुलाम.

पण पुठ्ठ्यानं पोट भरत नाही. कायदा बघा. २०१६ चा अपंग हक्क कायदा २०१७ च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याचं ५ वं कलम म्हणतं, समाजात राहायचा हक्क. १४ वं कलम म्हणतं, पालक नेमला तरी मर्यादित, निर्णय दोघांनी मिळून, त्या माणसाच्या इच्छेनं. २४ व्या कलमात ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी मदतनीस भत्ता आहे, ३८ व्यात असा आधार मागायचा अर्ज आहे. कागद उत्तम आहे. केरळात 'आश्वासकिरणम' नावानं घरातल्या सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले, तेही थोडेच, पण सांभाळणं हे काम आहे एवढं तरी मान्य केलं. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत अपंगाला १,५०० मिळत होते, ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केले. दिवसाला ८३ रुपये. एवढ्यात माणूस खाईल, का औषध घेईल, का उचलायला माणूस ठेवील?

आणि इथं आपल्या घरातलं एक सांगतो. शहरात पैसेवाल्यांच्या घरी असा माणूस सांभाळायला कोण जातं? आपल्याच बाया. दुसऱ्याची घाण काढायचं काम जातीनं आपल्याला दिलं होतं, आता बारा तासांची ड्युटी म्हणून देतात. म्हणून अपंगाचा हक्क आणि मदतनिसाची मजुरी या दोन मागण्या वेगळ्या करू नका. माथाडीला १९६९ साली कायदा मिळाला, बोर्ड मिळालं, मजुरी ठरली. माणूस उचलणाऱ्याला का नाही? पोतं उचलणं काम आणि माणूस उचलणं माया, हे गणित मालकाचं आहे.

तेव्हा दोस्तांनो, कविता वाचून झाल्यावर एवढं करा. आपल्या वस्तीत किती जण कोंडलेत ते घरोघर जाऊन बघा, आणि आईला विचारण्याआधी त्या माणसाला विचारा. ग्रामपंचायत, नगरपालिका, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्चायचे असतात. ग्रामसभेत उठून हिशेब मागा, आणि तो पैसा सतरंज्या वाटण्यात न घालता मदतनिसाच्या मजुरीत घालायला लावा. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली पालक नेमणारी समिती असते. तिच्यापुढं त्या माणसासोबत उभे राहा, त्याच्याऐवजी नको. मदतनीस भत्त्याचे अर्ज ढिगानं टाका, पावती घ्या. आणि आपल्या विहाराच्या, समाजमंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा. तो बांधायला कुठल्या सरकारची वाट बघताय?

१४ एप्रिलला त्यांना स्टेजवर बोलावून चाकाची खुर्ची वाटू नका, हार घालू नका, टाळ्या वाजवू नका. माईक द्या. वाक्याला पाच मिनिटं लागली तर सभेनं पाच मिनिटं गप्प बसावं. पुढाऱ्याच्या भाषणाला आपण दोन तास बसतोच.

जय भीम.